गाणं मधूनच आठवतं

पडद्याच्या डाव्या बाजूला गाण्यांची यादी, उजवीकडे निवडलेल्या गाण्याचे शब्द आणि वर शोधायची एक पट्टी. यापलीकडे त्या प्रोग्रॅममध्ये काही नाही. त्यात गाणं वाजत नाही, चित्र दिसत नाही, इंटरनेट लागत नाही. संगणकावरचा एखादा फोल्डर त्याला दाखवायचा. त्यातल्या साध्या मजकुराच्या फाइली तो उघडतो आणि शब्द समोर ठेवतो. साताऱ्यातल्या आईच्या भजनी मंडळासाठी मी तो लिहायला घेतला आणि अजूनही त्यात भर घालतोच आहे. अभंगांचे, गौळणींचे, भावगीतांचे शब्द हवे तेव्हा सापडायचे असतील, तर आधी माणसाला गाणं आठवतं कसं हे बघावं लागतं. आणि गाणं पहिल्या ओळीपासून क्वचितच आठवतं. ते मधूनच कुठून तरी आठवतं.

मंडळात बसून ऐकलं की हे लगेच कळतं. "ते घे ना गं, मकरकुंडलं येतात ते," एखादी मावशी म्हणते. दुसरीला फक्त शेवटचा चरण पाठ असतो. तिसरीला शब्द आठवत नाहीत, चाल आठवते. ती गुणगुणते आणि गुणगुणता गुणगुणता तीन-चार शब्द तोंडातून निघतात. पेटीवर बसलेल्या काकू तेवढ्यावरून अभंग ओळखतात, पण त्या आल्या नसतील त्या दिवशी वह्या चाळाव्या लागतात. आईची वही जाड पुठ्ठ्याची आहे. मागच्या पानांवर अनुक्रमणिका आहे, पहिल्या ओळींची. नवं गाणं मिळालं की जिथे कोरी जागा असेल तिथे लिहिलेलं, म्हणून अनुक्रमणिकेतले पानांचे आकडे पुढेमागे उड्या मारतात. तरीही ती वही आईला डोळे मिटून वापरता येते, कारण कुठलं गाणं कुठल्या शाईत, कुठल्या कोपऱ्यात आहे हे तिला माहीत आहे. प्रश्न बाकीच्यांचा होता. वही एक आणि गाणाऱ्या पुष्कळ.

अभंगाच्या बाबतीत पहिल्या ओळीची अनुक्रमणिका तोकडी पडते याला एक पक्कं कारण आहे. छापील गाथेत बहुतेक ठिकाणी ॥ध्रु.॥ ही खूण दुसऱ्या कडव्याच्या शेवटी असते. म्हणजे फिरून फिरून म्हणायची ओळ दुसरीच. बुवा किंवा पुढे बसलेली बाई एक एक कडवं सांगत जाते आणि मागचे सगळे धृपदावर येतात. साहजिकच मागे टाळ धरून बसणाऱ्यांच्या जिभेवर बसते ती धृपदाची ओळ, पहिली नव्हे. म्हणून माझ्या यादीत प्रत्येक अभंगाला दोन नावं आहेत, एक पहिल्या ओळीचं आणि एक धृपदाचं, आणि दोन्ही आपापल्या अक्षराखाली दिसतात. एवढ्या एका गोष्टीमुळे मंडळातल्या बायका यादी नुसती खाली-वर करूनही हवं ते काढायला लागल्या. शोधपट्टीत टाइप करणं सगळ्यांना जमतं असं नाही; यादी चाळणं सगळ्यांना जमतं.

यादी अकारविल्हे लावायची म्हटलं की आणखी एक गाठ सोडवावी लागते. संगणक स्वतःच्या मनाने लावतो तेव्हा युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीच्या, क्रमांकांप्रमाणे लावतो. तिथे ळ हे अक्षर ल आणि व यांच्या मध्ये बसलंय आणि क्ष, ज्ञ ही तर स्वतंत्र अक्षरंच नाहीत. क आणि ष, ज आणि ञ यांची ती जोडणी. त्यामुळे ज्ञ ने सुरू होणारा अभंग ज मध्ये जाऊन बसतो. आपण शाळेत जी वर्णमाला म्हटली तिच्यात ह, ळ, क्ष, ज्ञ हा शेवटचा क्रम आहे, आणि सत्तरीतल्या बाईचं बोट यादीच्या तळाशीच जाणार. क्रम तिच्या बोटाप्रमाणे लावला.

फाइली साध्या मजकुराच्याच हव्यात, यावर मी पहिल्यापासून अडून बसलो. एक गाणं, एक फाइल. सगळी गाणी एका मोठ्या डेटाबेसमध्ये घातली असती तर प्रोग्रॅम लिहिणं सोपं गेलं असतं, पण मग माझा प्रोग्रॅम बंद पडला की गाणीही त्यात अडकली असती. साधी फाइल कुठल्याही संगणकावर, कुठल्याही नोटपॅडमध्ये उघडते. ती पेनड्राइव्हवर घालून दुसऱ्या मंडळाला देता येते, छापता येते, फोनवर पाठवता येते. जागाही फार लागत नाही. युनिकोड मजकूर साठवायच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, तरीही एक अभंग एक-दोन किलोबाइटच्या पुढे जात नाही. तुकोबांच्या शासकीय गाथेत ४,६०० हून अधिक अभंग आहेत. ढोबळ हिशेब केला तर ती सगळी गाथा चार-पाच मेगाबाइटमध्ये मावते; एका गाण्याची ध्वनिफाइल तेवढी असते. शोध घ्यायला एवढ्या मजकुराची वेगळी सूचीसुद्धा बांधावी लागत नाही. प्रोग्रॅम सुरू होताना सगळं एकदा वाचून घेतलं की आजचा जुनापुराणा लॅपटॉपही पापणी लवायच्या आत पहिल्या फाइलपासून शेवटच्या फाइलपर्यंत जाऊन येतो.

हा मजकूर गोळा करणं मात्र सोपं नव्हतं, आणि त्याचं कारण मराठी संगणकाच्या इतिहासात आहे. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली, पण घराघरांतल्या संगणकांवर मराठी युनिकोड दिसायला लागेपर्यंत विंडोज २००० आणि एक्सपी यावं लागलं. मधल्या काळात श्रीलिपी, आकृती अशी पॅकेजं आणि सी-डॅक या सरकारी संस्थेचं जिस्ट तंत्र यांच्या जोरावर महाराष्ट्रातली छपाई उभी राहिली. लग्नपत्रिका, दिवाळी अंक, भजनांच्या पुस्तिका, सगळं त्यांनीच छापलं, आणि त्या कामाचं मोल मी फार मोठं मानतो. पण त्या फॉन्टांची रीत वेगळी होती. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत: कुठे अर्धा त, कुठे काना, कुठे रफार. फॉन्ट असला तर मराठी दिसतं. फॉन्ट नसला तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची मिसळ दिसते. शिवाय प्रत्येक फॉन्टची मांडणी निराळी.

मंडळाने पूर्वी छापून घेतलेल्या पुस्तिकेच्या फाइली डीटीपीवाल्या काकांनी जपून ठेवल्या होत्या. त्या युनिकोडमध्ये आणायच्या तर नुसतं या तुकड्याच्या जागी ते अक्षर एवढं करून भागत नाही, क्रमही फिरवावा लागतो. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी जशी डोळ्याला दिसते तशी, म्हणजे अक्षराच्या आधी टाइप केलेली असते. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे अक्षराच्या नंतर येते. आणि 'भक्ति' सारख्या शब्दात ती एका अक्षरावरून नव्हे, सबंध जोडाक्षरावरून उचलून पलीकडे ठेवावी लागते. रफाराचं नेमकं उलटं. 'धर्म' मध्ये रफार दिसतो म वर, जुन्या फाइलीत असतो म च्या नंतर, आणि युनिकोडमध्ये तो हवा म च्या आधी. 'सर्वां' मध्ये तर त्याला काना आणि अनुस्वार ओलांडून मागे न्यावं लागतं. हे नियम लिहिताना मी मराठी लिपीकडे जितकं निरखून पाहिलं तितकं शाळेतही पाहिलं नव्हतं. बदललेला प्रत्येक अभंग आईने मोठ्याने वाचला. डोळ्याला न दिसलेली चूक तिच्या जिभेला लगेच टोचायची, कारण लय अडखळायची. 'मोठा अभंग' या छंदात पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चारांचा. एक अक्षर गळलं तरी टाळ थांबतो.

आता शोध. माझ्या मते सगळ्या प्रोग्रॅमचा जीव इथे आहे.

गाथेच्या छापील प्रतींत 'तेथें', 'नाहीं', 'तूं' असे अनुस्वार असतात. मराठी शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये ठरले, १९७२ मध्ये त्यांत भर पडली, आणि उच्चारात नसलेले हे अनुस्वार लिखाणातून गेले. शेवटचे इकार-उकार दीर्घ झाले, म्हणून जुनं 'वृत्ति' आज 'वृत्ती' आहे आणि 'दृष्टि' आज 'दृष्टी'. आईच्या पिढीने दोन्ही पाहिलंय आणि तिच्या वहीत दोन्ही आहे, कधी कधी एकाच पानावर. माझी भाची फोनवर टाइप करते तेव्हा ती 'आणिक' लिहील की 'आणीक', ते कीबोर्डने आधी काय सुचवलं त्यावर ठरतं. यातलं कुणीच चुकत नाही. शोधणाऱ्याने लिहिलं तसं जुळलंच पाहिजे, ही जबाबदारी प्रोग्रॅमची.

म्हणून प्रत्येक गाण्याची दोन रूपं ठेवली. एक दिसणारं, जे फाइलीत आहे तसंच्या तसं. त्यातला एक अनुस्वारही मी हलवत नाही. दुसरं शोधासाठीचं, जे कधी पडद्यावर येत नाही. त्या दुसऱ्या रूपात ऱ्हस्व-दीर्घ एक होतात, अनुस्वार गळतात, दंड आणि आकडे जातात, शब्दांमधल्या मोकळ्या जागाही जातात. कारण 'पंढरीनाथ' कुणी जोडून लिहितं, कुणी तोडून. शोधणाऱ्याच्या शब्दांवरही हाच संस्कार करायचा आणि मग दोन्ही जुळवायची. यात 'चिंता' आणि 'चिता' एक होऊन जातात, हे खरं. पण यादीत दोन गाणी जास्त आली तर नजर हवं ते उचलते. हवं ते गाणं आलंच नाही तर हातात काही उरत नाही. गाण्यांच्या शोधात मी नेहमी जास्तीच्याच बाजूला झुकेन. ण-न आणि ळ-ल एक धरायची सोय वेगळी ठेवली आहे. गावाकडच्या तोंडी आलेल्या गाण्यांत 'पानी' असतं, आणि ते तसंच लिहायला हवं.

एक अडचण तर डोळ्यांना दिसतच नाही. 'साताऱ्यात', 'वाऱ्यावर', 'ताऱ्यांत' यांतला र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला, ऱ वापरतात, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, संगणकाच्या लेखी पूर्ण वेगळे. एका कीबोर्डवर टाइप केलेलं गाणं दुसऱ्या कीबोर्डवरून शोधलं तर सापडत नाही आणि का सापडत नाही हे कुणाला दिसत नाही. 'ॲ'चंही तसंच: २००८ पासून त्याला स्वतःची जागा आहे, पण त्याआधीचा मजकूर अ वर चंद्र देऊन लिहिलेला. ही सगळी जोडरूपं शोधाच्या रूपात एक करावी लागली.

आणि विठ्ठल. पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतल्या नेहमीच्या शोधसूत्राला एखाद्या ओळीतले शब्द वेगळे काढायला सांगितले तर ते वेलांटी, काना, मात्रा, हलन्त यांना अक्षर मानत नाही; तिथे शब्द संपला असं धरतं. 'विठ्ठल' या शब्दाचे त्यातून व, ठ आणि ठल असे तीन तुकडे निघतात. एसक्यूलाइट या डेटाबेसच्या मजकूरशोधातही मुळात अशीच मांडणी आहे. चिन्हांचे वर्गही शब्दात धरा, असं त्याला वेगळं सांगावं लागतं. ज्यांनी ही साधनं बनवली त्यांच्या लिपीत स्वर वेगळा, व्यंजनाशेजारी उभा असतो. आपला स्वर व्यंजनाच्या अंगावर असतो. पहिल्यांदा ते तीन तुकडे पडद्यावर पाहिले तेव्हा मी त्या रात्री बाकी सगळं बाजूला ठेवून शब्द तोडण्याचा भाग स्वतः लिहिला. मराठी गाण्यांच्या प्रोग्रॅममध्ये विठ्ठल अखंड राहिला पाहिजे, यात तडजोड नाही.

गंमत वाटावी अशी एक सोय संतांनीच करून ठेवली आहे. शेवटच्या कडव्यातली नाममुद्रा: 'तुका म्हणे', 'नामा म्हणे', 'चोखा म्हणे', 'एका जनार्दनीं', 'म्हणे जनी'. फाइलीत कवीचं नाव लिहायचं राहिलं असलं तरी शेवटची ओळ वाचून प्रोग्रॅम ते सुचवतो. नुसतं सुचवतो, ठरवत नाही. 'नामा' म्हटलं की ते नामदेवच असं नसतं. सोळाव्या शतकातला विष्णुदासनामाही आहे, आणि एकच अभंग दोन संतांच्या नावे गायला जातो असंही होतं. अशा ठिकाणी निवाडा माणसांवर सोडलेला बरा. शोधताना मात्र ही मुद्रा आड येते: 'तुका म्हणे' एवढंच टाइप केलं तर हजारो अभंग समोर. म्हणून मुद्रेचे शब्द शोधात मोजायचे नाहीत, त्यांच्यापुढचे मोजायचे.

गाण्याच्या शब्दांचे जे तयार प्रोग्रॅम मिळतात त्यांतले पुष्कळसे वेळेच्या हिशेबाने चालतात. एलआरसी नावाच्या फाइलीत प्रत्येक ओळीआधी मिनिट आणि सेकंद लिहिलेले असतात, [००:१७.२०] असे, आणि गाणं वाजत जाईल तशी ओळ उजळते. ध्वनिमुद्रित गाण्याला ते शोभतं. भजनाला असं घड्याळ लावता येत नाही. एकच चरण किती वेळा घोळवायचा, मध्ये दुसऱ्या संताचा दाखला घालायचा का, गजर कुठे धरायचा, हे त्या क्षणी ठरतं. कोकणातल्या डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यात, तर समोरच्या बुवांनी काय गायलं त्यावर इकडचं ठरतं. म्हणून माझ्या प्रोग्रॅममध्ये ओळी आपोआप सरकत नाहीत. अक्षर मोठं करायला एक कळ, लहान करायला एक, आणि बाणाच्या कळीने पुढचं कडवं. एलआरसी फाइल उघडली तर आकडे लपवून नुसते शब्द दाखवतो. मंडपात मागच्या रांगेतूनही वाचता यावं इतकं मोठं अक्षर होतं आणि तरी ओळ चरणाच्या मध्यात मोडत नाही; जागा पुरत नसेल तर दंडापाशी मोडते. दंडापाशी श्वास घेतात, तिथे ओळ मोडली तर गाणाऱ्याला कळतही नाही.

प्रोग्रॅमबरोबर मी गाणी देत नाही. संतांची रचना सगळ्यांची आहे, पण गेल्या शतकातल्या गीतकारांचे शब्द आपल्या कायद्याप्रमाणे त्यांच्या निधनानंतर ६० वर्षं त्यांच्या वारसांकडे असतात. मंडळाने आपल्या वहीतून आपल्यासाठी उतरवलेले शब्द मंडळाच्या फोल्डरमध्ये राहतात. आणि त्यात पाठभेद असले तर ते मी गाथेशी ताडून दुरुस्त करत नाही, कुणी सांगितलं तरी. साताऱ्याच्या बायका एखादा शब्द वेगळा म्हणत असतील तर तो त्यांच्या आधी कुणी तरी तसाच म्हटलेला असतो. छापील पाठ हवा असेल त्याच्यासाठी फाइलीच्या तळाशी टीप लिहायची जागा आहे.

या सगळ्यात माझं मन आता ओव्यांकडे ओढ घेतंय. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुण्यात राहून, गावोगावच्या बायकांना सोबत घेऊन, जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून अधिक गावं, एक लाखाहून अधिक ओव्या. बर्नार्ड बेल यांनी त्यातल्या कितीतरी ध्वनिमुद्रित केल्या, आणि आज तो ठेवा पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या संकेतस्थळाने लोकांसमोर आणला आहे. मराठीत गाण्याच्या शब्दांचं याहून मोठं भांडार मला माहीत नाही. आणि त्यातल्या ओवीला नाव नाही, धृपद नाही, नाममुद्रा नाही. दोन ओळी. जात्यावर म्हणताना त्यात 'गं बाई'ची भर पडते, अर्धी ओळ पुन्हा येते, आणि दोन ओळींची लांबी दळणाएवढी होते. ती कोणाची, तर म्हणणारीची. तिच्या आईची, सासूची, शेजारणीची.

माझी दोन नावांची यादी तिथे चालत नाही. राईरकर आणि पॉइटवँ यांनी ओव्या विषयावर लावल्या: सीता, भाऊ, माहेर, पाऊस, जातं. तीच वाट धरली आहे. मंडळातल्या एका आक्कांना त्यांच्या आईच्या ओव्या येतात, आणि रविवारी दुपारी त्या सांगतात, मी टाइप करतो. फाइलीच्या वर तीन ओळी: गाव कुठलं, कोणाकडून ऐकली, कशाबद्दल आहे. तिसऱ्या ओळीवर आमचं अजून एकमत होत नाही. भावाच्या ओव्या म्हणून मी वेगळ्या काढलेल्या पुष्कळशा आक्का पावसाच्या म्हणतात, कारण भाऊ न्यायला येतो तो पाऊस उघडल्यावर. सध्या त्या दोन्हीकडे ठेवल्या आहेत, आणि एकाच ओवीला हवे तितके विषय लावता येतील असा बदल पुढच्या आवृत्तीत करतोय.